वजन उतरवणाऱ्या गोळ्या : नव्वद वर्षांचा हिशेब

१९९७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती जाहीर केली. त्यांचं सरासरी वय होतं ४४. एकीलाही पूर्वी हृदयाचा विकार नव्हता. पण इको केल्यावर दिसलं, की त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्या आहेत, नीट मिटत नाहीत आणि रक्त उलटं मागे गळतंय. पाच जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली. छाती उघडली तेव्हा झडपा पांढऱ्या आणि चकचकीत दिसल्या. अर्धशिशीवरची अर्गोटची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या झडपा अशा होतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. या स्त्रियांना जोडणारा धागा मात्र वेगळा होता. त्या सगळ्या जणी वजन कमी करण्यासाठी फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन अशा दोन गोळ्या, सरासरी वर्षभर, एकत्र घेत होत्या. लोक या जोडगोळीला ‘फेन-फेन’ म्हणत.

पहिली शंका आली होती ती नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरातल्या एका इको तंत्रज्ञ बाईंना. इतक्या तरुण बायकांच्या झडपा अशा का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. अखेर १५ सप्टेंबर १९९७ रोजी फेनफ्लुरामिन आणि त्याचं भावंड डेक्सफेनफ्लुरामिन ही दोन्ही औषधं बाजारातून मागे घेतली गेली. तोवर बराच उशीर झाला होता. एकट्या १९९६ या वर्षात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन यांच्या मिळून सुमारे १ कोटी ८० लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या.

एवढ्या चिठ्ठ्यांना आधार कशाचा होता? मुख्यतः १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा. रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ लठ्ठ माणसांवर तो केला होता. ३४ आठवड्यांत दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.२ किलोंनी उतरलं. प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं उतरलं ४.६ किलोंनी. आकडे खरे होते, गोळी खरंच काम करत होती. पण दोन्ही औषधं एकत्र देण्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कधीच मंजुरी दिलेली नव्हती आणि झडपांचा प्रश्न त्या अभ्यासात वर आला नव्हता.

वजन कमी करणाऱ्या गोळ्यांची खरी अडचण इथे आहे. वजनकाटा चार आठवड्यांत उत्तर देतो. हृदयाची झडप, फुफ्फुसाची रक्तवाहिनी, डोळ्याचं भिंग आणि मन मात्र आपली उत्तरं सावकाश, कधी वर्षांनी देतात. शिवाय ही औषधं घेणारा माणूस बहुतेक वेळा हिंडता-फिरता असतो. कर्करोगाच्या रुग्णाला जो धोका पत्करावा लागतो, तो याला पत्करायला लावणं अन्यायाचं आहे. म्हणून ‘वजन उतरलं का’ हा प्रश्न विचारून थांबणं पुरेसं नाही. किती उतरलं, किती टिकलं, किती माणसांवर किती वर्षं तपासलं, हे प्रश्न त्याच दमात विचारायला हवेत.

ते न विचारण्याची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नावाचं एक पिवळं रसायन स्फोटकांत वापरलं जाई. तिथले कामगार घामाने निथळत, त्यांना ताप भरे, ते झपाट्याने वाळत आणि काही जण मरतही. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॉरिस टेन्टर आणि विंडसर कटिंग यांनी १९३३ साली हेच रसायन लठ्ठपणावर वापरून पाहिलं. त्याचं काम समजायला सोपं आहे. आपल्या पेशी अन्न जाळतात आणि त्यातली शक्ती कामासाठी साठवतात. हे रसायन जळण आणि साठवण यांतला दुवाच तोडतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबत राहावं तसं शरीर होतं : इंधन भसाभस जळतं, काम काहीच होत नाही, इंजिन तापत जातं. वजन उतरतं हे खरं, पण मात्रा थोडी जास्त झाली की शरीराचं तापमान चढत जातं. ते उतरवणारा उतारा आजही उपलब्ध नाही.

पुढच्याच वर्षी टेन्टर यांनी अंदाज मांडला, की अमेरिकेत किमान एक लाख माणसांनी हे औषध घेतलं असावं. मग तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले. त्या काळी अशी औषधं रोखण्याचा अधिकारच औषध प्रशासनाला नव्हता. तो १९३८ च्या नव्या कायद्याने मिळाला आणि हे रसायन माणसांसाठी बंद झालं. निदान कागदावर तरी. शरीरसौष्ठवाच्या नादी लागलेली आणि खाण्याच्या मानसिक विकारांनी ग्रासलेली मुलं-मुली ते अजूनही इंटरनेटवरून मागवतात. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंनंतर ऑक्टोबर २०२३ पासून त्याची गणना नियंत्रित विषांमध्ये होते.

त्यानंतरचा काळ ॲम्फेटामिनचा. भूक मारणाऱ्या या उत्तेजक गोळ्या अमेरिकेत थायरॉइडचा अर्क, लघवी वाढवणारी औषधं आणि हृदयाची गती आवरणारं डिजिटॅलिस यांच्याबरोबर रंगीबेरंगी पुड्यांतून मिळत. १९६८ साली ‘लाइफ’ मासिकाची एक सडपातळ वार्ताहर दहा डॉक्टरांकडे गेली. सुमारे दीड हजार गोळ्या घेऊन ती परतली. त्याच दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ॲमिनोरेक्स नावाच्या गोळीमुळे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब जीवघेणा वाढलेले रुग्ण दिसू लागले आणि तीही मागे घ्यावी लागली.

फ्रान्समधली गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. तिथे ‘मेडियाटोर’ नावाची गोळी १९७६ पासून मिळत होती. तिच्यातलं औषध होतं बेनफ्लुओरेक्स. कागदोपत्री ती मधुमेही आणि रक्तातली चरबी वाढलेल्या रुग्णांसाठी होती. प्रत्यक्षात भूक कमी व्हावी म्हणूनही सर्रास लिहून दिली जाई. पोटात गेल्यावर बेनफ्लुओरेक्सपासून जो पदार्थ तयार होतो, तोच फेनफ्लुरामिनपासूनही होतो. म्हणजे १९९७ मध्ये ज्या कारणासाठी फेनफ्लुरामिन जगभर बंद झालं, ते कारण या गोळीतही जसंच्या तसं होतं. तरी ती आणखी बारा वर्षं विकली गेली.

ब्रेस्ट शहरातल्या फुफ्फुसविकारतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी आपल्या रुग्णालयातल्या नोंदी चाळल्या, झडपांचे रुग्ण आणि ही गोळी यांचा संबंध जुळवला आणि तो मान्य होईपर्यंत पाठ सोडली नाही. २००९ मध्ये गोळी बंद झाली. ३३ वर्षांत सुमारे ५० लाख लोकांनी ती घेतली होती. मृत्यूंचे अंदाज काही शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत आहेत. २९ मार्च २०२१ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने सेर्व्हिए कंपनीला फसवणूक आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवलं आणि २७ लाख युरोंचा दंड केला. लाखो लोकांच्या झडपांशी खेळलेल्या औषधासाठी हा दंड फारच थोडा होता.

इथे एक गोष्ट न्यायाने नोंदवायला हवी. फेनफ्लुरामिन २०२० मध्ये परत आलं, पण वेगळ्याच कामासाठी. लहान मुलांना होणाऱ्या ड्रावे सिंड्रोम या अतिशय अवघड फेफऱ्यावर ते अल्प मात्रेत दिलं जातं. उपचाराआधी आणि नंतर ठरावीक काळाने मुलाचं इको करणं बंधनकारक आहे. औषध तेच आहे. पण ज्या मुलाला दिवसात अनेकदा झटके येतात, त्याच्यासाठी तोच धोका पत्करण्यासारखा ठरतो आणि डोळ्यांत तेल घालून त्यावर नजर ठेवली जाते. सुरक्षितता ही अशी आजाराच्या गांभीर्यावर जोखावी लागते.

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. फेनफ्लुरामिन आणि डेक्सफेनफ्लुरामिनवर आपल्याकडे १९९८ मध्ये बंदी आली. २००६ मध्ये युरोपात रिमोनाबँट आलं. ते मेंदूतल्या ज्या ग्राहींवर काम करतं, त्यांच्यामुळे खाण्यातलं सुख जाणवतं. ते ग्राही बंद केले की भूक ओसरते, पण जगण्यातल्या इतर सुखांवरही पडदा पडतो. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी वाढल्या. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच त्याला एकमताने नकार दिला होता. युरोपाने २००८ मध्ये ते थांबवलं आणि भारताने २००९ मध्ये बंदी घातली.

मग आली सिब्युट्रामिनची पाळी. १९९७ मध्ये, म्हणजे फेनफ्लुरामिन गेलं त्याच वर्षी, अमेरिकेने याला परवानगी दिली होती. पोट लवकर भरल्यासारखं वाटायला लावणारं हे औषध तेरा वर्षं चाललं. त्याची खरी परीक्षा झाली ती ‘स्काउट’ या चाचणीत. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे ९,८०० स्थूल लोकांना त्यात वर्षानुवर्षं तपासलं गेलं. औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू अशा गंभीर घटनांना सामोरं जावं लागलं, प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. फरक लहान वाटतो. पण ज्या औषधाने वजन उतरवून हृदय वाचवायचं, त्यानेच हृदयाचा धोका वाढवावा हे अक्षम्य होतं. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारताने ते बंद केलं.

पण सिब्युट्रामिन गेलं नाही. ते ‘हर्बल’ झालं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत लपवलेली औषधं पकडली. त्यांतली ४० टक्क्यांहून जास्त वजन कमी करण्यासाठी विकली जात होती आणि त्या गटातल्या जवळपास ८५ टक्के उत्पादनांत सिब्युट्रामिन सापडलं. डब्यावर पानं, फुलं आणि फळं. आत हृदयाला घातक म्हणून बंद केलेलं रसायन, तेही किती मात्रेत ते कुणालाच ठाऊक नाही. ज्याला रक्तदाब आहे तो ‘ॲलोपथीची गोळी नको बाबा’ म्हणून नेमका याच डब्याकडे वळतो. वजनाच्या बाजारातला आजचा सर्वांत मोठा धोका कोणता, असं विचारलं तर उत्तर हेच. नाव छापलेलं औषध वाईट असलं तरी त्याच्यावर खटला चालतो, बंदी येते. नाव लपवलेल्या औषधाचा दुष्परिणाम झाला तर डॉक्टरलाही उपचार कशावर करायचे ते कळत नाही. एखाद्या चूर्णाने किंवा कॅप्सूलने पहिल्या आठवड्यात भूक मेल्यासारखी झाली, तोंडाला कोरड पडली, छातीत धडधडलं, रात्री झोप उडाली, तर ते ‘जडीबुटी लागू पडल्याचं’ लक्षण समजू नये. ते घेणं त्याच दिवशी थांबवावं आणि डबा घेऊन डॉक्टरकडे जावं.

खऱ्याखुऱ्या वनस्पतींचं काय? याचं उत्तर द्यायला कोकणातलं उदाहरण जवळचं आहे. जगभर ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ नावाने ज्या वजनाच्या गोळ्या खपतात, त्या मलबारी चिंचेच्या, म्हणजे केरळातल्या कुडंपुळीच्या सालीपासून बनतात. आपला रातांबा या झाडाचा सख्खा नातलग. ज्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावर या गोळ्यांची सगळी मदार आहे, ते आमसुलातही असतं. शरीरात साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला हे आम्ल रोखतं आणि उंदरांवर त्याचा परिणाम दिसला होता. माणसांवरची नेटकी चाचणी १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली. १३५ लोक, १२ आठवडे, दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार. गार्सिनिया घेणाऱ्यांचं वजन उतरलं ३.२ किलो. प्लासिबो घेणाऱ्यांचं ४.१ किलो.

आमसुलाची सोलकढी उन्हाळ्यात जेवणाबरोबर हवीच, तिच्यापासून धोका नाही. पण त्याच घटकाचा तीव्र अर्क कॅप्सूलमध्ये कोंबून रोज घेणं ही वेगळी गोष्ट आहे. गार्सिनियाच्या अर्कामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, काहींत यकृत प्रत्यारोपणापर्यंत वेळ गेली. ग्रीन टीचंही तेच. कपातला चहा निरुपद्रवी असतो. मात्र त्यातला मुख्य घटक अर्काच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतला तर यकृताचे विकर वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं.

या सगळ्या पडझडीत टिकून राहिलेली एक साधी गोळी आहे, तिच्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत १९९९ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ती मेंदूला हात लावत नाही, हृदयाला लावत नाही, रक्तात जवळपास उतरतच नाही. आतड्यात चरबी पचवणाऱ्या लायपेज या विकराला ती अडवते, त्यामुळे जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. फायदा माफक आहे : वर्षभरात प्लासिबोपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त. पण स्वीडनमध्ये ३,३०५ लोकांवर चार वर्षं केलेल्या अभ्यासात तिने मधुमेह होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी केलं. त्रास असा, की तेलकट जेवणानंतर शौचाला आवरत नाही, कपड्यांना तेलकट डाग पडतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात, म्हणून ती वेगळी घ्यावी लागतात. बटाटेवडा आणि गोळी असं दोन्ही एकदम चालत नाही, हे ती गोळी पहिल्याच दिवशी शिकवते. तिचे परिणाम माफक आहेत आणि तिचे त्रास लपत नाहीत. वजनाच्या गोळ्यांच्या इतिहासात हा गुण दुर्मीळ आहे.

पण मग एवढं सगळं करून वजन परत का येतं? कारण शरीर आपल्या चरबीचं रक्षण करतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांना लेप्टिनचं जनुक सापडलं आणि चरबी स्वतःच मेंदूला ‘साठा किती उरला’ याचे निरोप पाठवते हे कळलं. साठा घटला की भूक वाढते आणि खर्च आवरला जातो. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका लोकप्रिय टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा केव्हिन हॉल यांनी पाठपुरावा केला. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांचं वजन बरंचसं परतलं होतं. हा मनाच्या कच्चेपणाचा प्रश्न नाही. लठ्ठ माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ एवढाच सल्ला देणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

गेल्या काही वर्षांत आलेली औषधं नेमकी या निरोपांच्या यंत्रणेवर काम करतात. जेवल्यावर आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते इन्सुलिनला चालना देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देतं. अडचण एवढीच, की ते रक्तात दोन-तीन मिनिटांत नष्ट होतं. न्यूयॉर्कमधले डॉ. जॉन एंग यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत तसाच, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला आणि तिथून रस्ता खुला झाला. आजचं सेमाग्लुटाइड शरीरात आठवडाभर टिकतं.

त्याचे आकडे आधीच्या कुठल्याही औषधापेक्षा वेगळे आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ लोकांपैकी आठवड्याला सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, प्लासिबोवर २.४ टक्के. त्याच धर्तीच्या टिर्झेपटाइड या दुसऱ्या इंजेक्शनच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. त्याहून महत्त्वाचा निकाल २०२३ मध्ये आला : हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल लोकांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. सिब्युट्रामिन ज्या परीक्षेत नापास झालं, त्याच परीक्षेत हे पास झालं. या नव्या औषधांना जुन्यांच्या पंक्तीत बसवणं म्हणूनच चूक ठरेल.

आता हे औषध गोळीतही आलं आहे. सेमाग्लुटाइडचा रेणू प्रथिनासारखा असल्यामुळे ते पोटात सहज पचून जातं. म्हणून गोळीत एक साहाय्यक क्षार घालून ते जठराच्या अस्तरातून आत सरकवावं लागतं. तरीही गिळलेल्या औषधाचा एक टक्काही रक्तात पोचत नाही. त्यामुळे गोळी सकाळी अनशापोटी, अर्ध्या ग्लासाहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही. या अटी पाळल्या नाहीत तर गोळी वाया जाते. भारतात मधुमेहासाठी ती २०२२ पासून मिळते. वजनासाठीची जास्त मात्रेची गोळी अमेरिकेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केली. चाचणीत ६४ आठवड्यांत तिने सुमारे १४ टक्के वजन उतरवलं. ऑर्फोर्ग्लिप्रॉन हे प्रथिन नसलेलं, खाण्यापिण्याच्या अटींशिवाय घेता येणारं औषध तीन हजारांवर लोकांत तपासलं गेलं. त्याच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे ११ टक्के वजन उतरलं. त्याच जातीचं डॅनुग्लिप्रॉन मात्र फायझर कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सोडून दिलं, कारण चाचणीतल्या एका व्यक्तीच्या यकृताला बहुधा औषधामुळे इजा झाली होती. औषध बाजारात येण्याआधीच थांबलं. चाचण्या याचसाठी असतात.

दुष्परिणाम आहेतच. सेमाग्लुटाइडच्या त्या पहिल्या चाचणीत ४४ टक्के लोकांना मळमळ झाली. उलट्या, बद्धकोष्ठता, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह या गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही बराच असतो, म्हणून पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम हे या उपचाराचेच भाग धरायला हवेत. वरण-भात आणि पोळी-भाजीवर भागवणाऱ्या, त्यात भूक मेल्यामुळे निम्मंच जेवणाऱ्या साठीच्या बाईला हे औषध प्रथिनांचा हिशेब न मांडता दिलं, तर वजन उतरेल पण जिना चढायचं बळही जाईल. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाणं हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम, दहा हजारांत एकापर्यंत, युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केला. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा घराण्यात इतिहास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही औषधं घ्यायची नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायला सांगतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं : बंद केलं की वजन परततं. सेमाग्लुटाइड थांबवलेल्या लोकांनी वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत मिळवला. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तसंच हे. याचा सरळ अर्थ असा, की लग्नाच्या आधी तीन महिने घ्यायची ही गोष्ट नाही. ज्याला दीर्घकाळ गरज आहे आणि दीर्घकाळ परवडेल, त्यानेच सुरुवात करावी. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती आणि आठवड्याला एक कुपी लागे. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, त्यामुळे किमती खाली येण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. गरजूंसाठी ही चांगली बातमी आहे. पण स्वस्त झालेलं औषध जिम, ब्यूटी पार्लर आणि ओळखीच्या मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय वाटलं जाण्याची धास्तीही तेवढीच खरी आहे.

गरजू कोण, हे ठरवताना पुण्यात झालेलं एक काम विसरता येत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी लपलेली असते, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. पण हे निकष मधुमेह आणि रक्तदाब वेळीच शोधण्यासाठी आहेत, सरसकट गोळ्या सुरू करण्यासाठी नाहीत. नव्या औषधांची मंजुरी बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि जोडीला मधुमेह, रक्तदाब असा एखादा आजार असेल तर, अशी आहे. २४ बीएमआय असलेल्या कॉलेजच्या मुलीसाठी ती नाहीत आणि तिच्यावर ती कधी तपासलेलीही नाहीत.

लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात भारतात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणायुक्त उपाय कायद्याने निषिद्ध आहे. त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे आणि आयुर्वेदिक औषधंही त्यातून सुटत नाहीत. ‘महिन्यात दहा किलो, खात्रीशीर’ असं छापणारा माणूस विकण्याआधीच कायदा मोडत असतो. तेव्हा कुठलीही गोळी सुरू करण्याआधी तिच्यातल्या औषधाचं नाव, मात्रा आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक वाचावा. नाव सापडलं नाही तर ती घेऊ नये. डॉक्टरांना विचारावं, की हे किती वर्षं घ्यायचं आणि थांबवल्यावर काय होईल. आणि वजनाच्या कुठल्याही गोळीने, चूर्णाने वा इंजेक्शनने त्रास झाला तर डबा फेकून देऊ नये. त्याचा बॅच क्रमांक जपून ठेवावा आणि गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवावं. ही नोंद डॉक्टरच नव्हे, रुग्णही करू शकतो.